पवनी–नागपूर, व्हाया निलज

पवनीत एखाद्या घरचे पोर ‘नागपूरले शिकते’ असे कळले की पुढचा प्रश्न कोणत्या कॉलेजात हा नसतो, राहते कुठे हा असतो. काका-मामाकडे, वसतिगृहात, की चौघांत खोली करून? बाकी साऱ्या गोष्टी त्यावर ठरतात. शंभर वर्षांत या प्रश्नाची उत्तरे बरीच बदलली. प्रश्न मात्र घरोघर आजही तोच विचारला जातो.

वैनगंगेकाठचे हे भंडारा जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. जिल्ह्याचे ठिकाण एका बाजूला, नागपूर दुसऱ्या बाजूला. नागपूरची एसटी उमरेड, भिवापूर करत येते आणि निलज फाट्यावर पवनीकडे वळते. एसटीच्याही आधी नॅरोगेज होती. इतवारीहून नागभीडपर्यंतचा हा 106 किलोमीटरचा मार्ग बंगाल-नागपूर रेल्वेने 1908 मध्ये सुरू केला. त्यावरचे ‘पवनी रोड’ हे स्टेशन नावातच कबूल करते की गाव इथे नाही, इथून रस्त्याने जावे लागेल. तरी छोट्या गाडीचे उपकार मोठे. डब्यात धानाची पोती, भिवापुरी मिरची, बाजारकरू आणि एखादा मॅट्रिक झालेला मुलगा, असा सगळा संसार शहराकडे निघायचा.

त्या काळात नागपुरात कॉलेजे होती, विद्यापीठ नव्हते. हिस्लॉप कॉलेज 1883 चे, मॉरिस कॉलेज 1885 चे; पदवी मात्र आधी कलकत्त्याची आणि नंतर अलाहाबादची. नागपूर विद्यापीठ निघाले 4 ऑगस्ट 1923 रोजी. सर बिपिन कृष्ण बोस पहिले कुलगुरू झाले. सुरुवातीला 6 महाविद्यालये आणि 927 विद्यार्थी, म्हणजे आजच्या एखाद्या बऱ्या कनिष्ठ महाविद्यालयाएवढा पसारा. मध्य प्रांत आणि वऱ्हाडाच्या मुलखातून तिथवर पोचणारे कोण असतील, हे सांगायला नको. मालगुजाराचा मुलगा, वकिलाचा मुलगा, फार तर मास्तरांचा. पवनीच्या कोष्टीपुऱ्यातल्या पोराला हातमाग सोडून चार वर्षे शहरात बसणे परवडत नव्हते.

मॉरिस कॉलेजाचे आणि पवनीचे नाते मात्र वेगळ्याच वाटेने जुळले. तिथे संस्कृत शिकवणारे वा. वि. मिराशी कोकणातून आलेले. विदर्भातले ताम्रपट आणि शिलालेख वाचण्यात त्यांचे आयुष्य गेले. भार राजा भगदत्त याचा पवनीतला शिलालेख त्यांनी संपादून ‘एपिग्राफिया इंडिका’त छापला. गावातल्या फारशा मुलांना कॉलेजचा उंबरठा दिसलेला नव्हता, तेव्हा गावातला दगड प्राध्यापकांच्या टेबलावर पोचला होता.

उमरेडच्या जाईबाई चौधरी याच पट्ट्यातल्या. रेल्वे स्टेशनवर हमाली केलेल्या या बाईने 1922 मध्ये नागपुरात संत चोखामेळा कन्या पाठशाळा काढली, विद्यापीठ स्थापन होण्याच्या आदल्याच वर्षी. विदर्भाच्या शिक्षणाच्या इतिहासात कुलगुरूंच्या तसबिरी पुष्कळ असतात; जाईबाईंची क्वचित दिसते.

काम सोडून शहरात बसणे ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी अमेरिकेत सरकारी पैशावर चालणारी, सगळ्यांना दार उघडे असणारी, दोन वर्षांची कॉलेजे 1901 पासून आहेत. इलिनॉयमधले जोलिएट हे त्यातले सर्वांत जुने. 1947 मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांच्या आयोगाने अशा कॉलेजांचे जाळे विणण्याची शिफारस केली आणि ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव रूढ झाले. दिवसा नोकरी, संध्याकाळी वर्ग, फी कमी, अंतर कमी. आपल्याकडे याच्या सर्वांत जवळची गोष्ट त्या आयोगाच्याही आधी घडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 20 जून 1946 रोजी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केले आणि वर्ग सकाळी ठेवले, म्हणजे कारकुनाला तास आटोपून कचेरी गाठता यावी. मुंबईसारख्या शहरात वेळापत्रक हीच सवलत असते, हे ज्याने स्वतः शिकताना पोटाची ओढाताण सोसली त्याला नेमके कळले.

नागपुरात ते वारे यायला धर्मांतरानंतरची काही वर्षे जावी लागली. दीक्षाभूमीवरचे डॉ. आंबेडकर महाविद्यालय 1964 चे. पवनी तालुक्यातल्या बौद्ध कुटुंबांना या पत्त्याचे वेगळे कौतुक. दरवर्षी दसऱ्याला ज्या जागी बापाचे बोट धरून गेलो, तिथेच शिकायला जायचे. अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती 1944 पासूनच होती. ती वेळेवर मिळत नाही, ही तक्रार तिच्याइतकीच जुनी. परीक्षेचा फॉर्म भरायच्या दिवशी शिष्यवृत्ती ‘मंजूर आहे, जमा नाही’ अशा अवस्थेत असणे, हा अनुभव तीन पिढ्यांना सारखाच ओळखीचा आहे.

मग 1969-70 चा हंगाम आला आणि नागपूर विद्यापीठच पवनीला आले. विद्यापीठाचा प्राचीन भारतीय इतिहास विभाग आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या देखरेखीखाली इथे उत्खनन केले. जगन्नाथ टेकडीखाली स्तूप निघाला, तोही सांचीच्या मोठ्या स्तूपाहून व्यासाने मोठा. हरदोलाला टेकडीवर दुसरा. कठड्याच्या खांबांवर मुचलिंद नाग कोरलेला, आणि ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावे. कोणी एक खांब दिला, कोणी एक आडवी पट्टी. दोन हजार वर्षांपूर्वीची ही लोकवर्गणीच. अहवाल विद्यापीठाने 1972 मध्ये प्रसिद्ध केला. पुरातत्त्व शिकणाऱ्या मुलांसाठी तो आजही संदर्भग्रंथ आहे. गंमत अशी की पवनीचा मुलगा नागपुरात एमएला हा विषय घेतो, तेव्हा लहानपणी ज्या टेकडीवर गुरे चारली तीच त्याला अभ्यासक्रमात भेटते.

सत्तर-ऐंशीच्या दशकांत एसटीने जोर धरला आणि ‘अप-डाऊन’ हा झाडीपट्टीतला रुळलेला शब्द झाला. भंडाऱ्याचे कॉलेज अप-डाऊनमध्ये बसते. नागपूर बसत नाही. एकेरीच ऐंशीवर किलोमीटर, रोज येऊन-जाऊन अभ्यास कसा व्हायचा? म्हणून खोली. खोलीत चार खाटा, एक स्टोव्ह, खिळ्यावर टांगलेले उत्पन्नाचे आणि जातीचे दाखले प्लास्टिकच्या पिशवीत. महिन्याचे तांदूळ घरून, कारण धानाच्या मुलखातून जाऊन किराणा दुकानात तांदूळ विकत घेणे घरच्यांना अपमानच वाटे. वाणवळा, लोणचे, चकल्या असे काय काय कंडक्टरच्या ओळखीने एसटीत चढवायचे. गाडी बसस्टँडवर लागली की मुलगा फलाटावर हजर. पिशवीवर नाव लिहिलेले असे, तरी आत काय आहे हे वासावरून कळायचे.

ज्यांना खोलीही परवडली नाही त्यांच्यासाठी बहिःस्थ परीक्षा होती, आणि पुढे 1 जुलै 1989 रोजी नाशिकला स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. पहिले कुलगुरू राम ताकवले यांनी घेतलेला एक निर्णय इथल्या अनेक घरांना पुरून उरला: बारावी नसली तरी ‘पूर्वतयारी’ शिक्षणक्रम पूर्ण करून पदवीला बसता येई. मधेच शाळा सुटलेल्या सुनांनी आणि दुकानात बसणाऱ्या पोरांनी ही वाट धरली. शहरी प्राध्यापकांनी या पदवीकडे बराच काळ नाक मुरडून पाहिले. त्यांनी नाके मुरडली म्हणून फॉर्म भरायचे काही थांबले नाहीत.

दरम्यान गोसीखुर्द आले. राजीव गांधींनी 22 एप्रिल 1988 रोजी धरणाची कोनशिला बसवली, ती पवनीच्या उशालाच. बुडित क्षेत्रातली शेती गेली तशी घरातल्या मुलांची गणितेही बदलली. मोबदल्यातले काही पैसे घरात गेले, काही लग्नात, आणि काही थेट नागपूरच्या खोलीभाड्यात. सरकारी नोकरीत प्रकल्पग्रस्तांना 5 टक्के समांतर आरक्षण असल्याने तो दाखला प्लास्टिकच्या पिशवीत जातीच्या दाखल्याशेजारी जाऊन बसला. गावातून शहराकडे जाण्याचा हेतूही त्यामुळे सरकला. पदवीसाठी जाणारे आता भरतीसाठी जाऊ लागले. आजची भाषा ऐकली की फरक कळतो: ‘अॅडमिशन घेतली’ कमी, ‘मेस लावली, लायब्ररी लावली’ जास्त. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. महिन्याच्या भाड्याने मिळणारी खुर्ची, डोक्यावर पंखा, प्लग आणि वायफाय. पदवी मुक्त विद्यापीठाची, अभ्यास त्या खुर्चीवर, धावण्याचा सराव पहाटे मैदानात. अमेरिकी कम्युनिटी कॉलेज जे एका छताखाली देते, ते इथले पोर असे तीन ठिकाणांहून स्वतः जुळवून आणते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने 2013 च्या सुमारास ‘कम्युनिटी कॉलेज’ याच नावाची योजना आणली. चालू महाविद्यालयांतच कौशल्याचे अभ्यासक्रम जोडायचे, असा बेत. नाव आले, पण पवनीकराची अडचण वर्गाबाहेर होती आणि तिला या योजनेत जागा नव्हती.

ती जागा 2017 च्या जानेवारीतल्या एका शासन निर्णयाने दिली. अनुसूचित जातीच्या ज्या विद्यार्थ्यांना वसतिगृहात प्रवेश मिळत नाही त्यांच्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना. मुंबई-पुण्याच्या रांगेत नागपूरही. वर्षाला 60,000 रुपये. त्यात भोजन 32,000, निवास 20,000, निर्वाह 8,000. शिक्षणाचा खरा खर्च फी नव्हे, हे सरकारने आकड्यांत लिहून दिले. निवासाचे महिन्याला सोळाशे सहासष्ट पडतात. एवढ्यात एकट्याची खोली होत नाही, चौघांतली खाट होते, म्हणजे सरकारी हिशेबही शेवटी त्या जुन्या खोलीवरच आला. 2023 च्या अखेरीस इतर मागासवर्गीयांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना आली आणि कुणबी, तेली, कोष्टी, ढिवर घरांतही हा आकडा बोलला जाऊ लागला.

मधली तीन वर्षे वाईट गेली. नोव्हेंबर 2019 मध्ये ब्रॉडगेजच्या कामासाठी नॅरोगेज बंद झाली. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी आली, खोल्या सोडून सगळे गावी परतले. मग 2021 च्या दिवाळीला धरून एसटीचा संप लागला, तो पुढच्या एप्रिलपर्यंत रेंगाळला. काळीपिवळीवाले मागतील ते भाडे. ज्या घरात दोघे शिकत होते, तिथे आधी मुलीचे जाणे थांबले.

मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट झाले, त्याचा उलटा परिणाम लगेच दिसला: मुलीला भेटायला आई आता महिन्यातून एकदा तरी नागपूरला जाऊ शकते, पिशवी कंडक्टरकडे न देता. जुलै 2024 च्या निर्णयाने 8 लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फीही माफ झाली. बीए-बीकॉमवाल्या मुली त्यात येत नाहीत, आणि खोलीभाडे तर कोणाचेच येत नाही.