पिल्लू थांबत नाही
ब्रॉयलर व्यवसायातील उबवण, बॅच आणि हप्त्यांचे गणित

चिकनच्या दुकानाबाहेर टांगलेल्या फळ्यावरील आजचा भाव हा बहुधा नऊ आठवड्यांपूर्वी घेतलेल्या एका निर्णयाचा परिणाम असतो. त्या दिवशी कोठल्या तरी हॅचरीत अंडी यंत्रात मांडली गेली आणि ती किती मांडावीत, हे आजच्या बाजाराचा अंदाज बांधून ठरविण्यात आले. अंदाज बरोबर आला, तर पक्षी वाढविणाऱ्या शेतकऱ्याच्या कर्जाचा हप्ता वेळेवर जमा होतो. तो चुकला, तर नुकसान भरून काढण्यास पुष्कळ काळ लागतो. कुक्कुटपालनासाठी कर्ज घेणाऱ्याने आणि ते मंजूर करणाऱ्यानेही म्हणूनच हे कालगणित समजून घेतले पाहिजे.

अंडे थांबते, पिल्लू नाही

उबवणीची अंडी थंड खोलीत साधारण आठवडाभर ठेवता येतात. त्याहून अधिक काळ ठेवल्यास उबवणीचे प्रमाण घटू लागते. एकदा ती यंत्रात गेली की पुढील २१ दिवस ठरलेले असतात. पहिले १८ दिवस सुमारे ३७.५ अंश सेल्सिअस तापमानात, ठरावीक अंतराने कलती करत अंडी उबविली जातात आणि अखेरचे तीन दिवस दुसऱ्या यंत्रात ठेवली जातात. बाहेर आलेल्या पिल्लांना मरेक्स रोगाची लस टोचून, खोक्यांत भरून वाहनांत चढविले जाते.

पिल्लाच्या पोटात बलकाचा थोडा अंश शिल्लक असतो. त्यावर ते दोन ते तीन दिवस तग धरू शकते. परंतु तेवढ्या अवधीत ते उबदार शेडमध्ये, दाणापाण्याजवळ पोहोचलेच पाहिजे. बाजार मंद आहे म्हणून पिल्लाला थांबविता येत नाही. पुढे सहा आठवड्यांत पक्षी दोन ते अडीच किलो वजनाचा झाल्यावर त्यालाही फार काळ ठेवून चालत नाही. वजनाच्या प्रत्येक वाढीव किलोमागे लागणारे खाद्य वाढत जाते आणि मरतुकीचा धोकाही वाढतो.

या साखळीत हॅचरीमालकाला खरे स्वातंत्र्य एकदाच मिळते, ते अंडी यंत्रात मांडण्यापूर्वी. मागणी घटण्याची चिन्हे असतील, तर उबवणीची अंडी खाण्यासाठी विकता येतात. त्यानंतर मात्र तीन आठवड्यांनी पिल्ले आणि नऊ आठवड्यांनी पक्षी बाजारात येणारच.

पंचांग आणि बाजार

महाराष्ट्राचेच उदाहरण घेऊ. २०२५ साली दीप अमावास्या २४ जुलै रोजी होती. श्रावण लागण्यापूर्वीच्या त्या दिवसांत मांसाहाराची मागणी शिगेला पोहोचते आणि पुढील महिनाभर ती ओसरते. २४ जुलैला सहा आठवड्यांचा पक्षी विकावयाचा, तर पिल्लू १२ जूनला शेडमध्ये पडावयास हवे आणि अंडे २२ मे रोजी यंत्रात. ते अंडे घालणारी कोंबडी सुमारे २५ आठवड्यांची झाल्यावर अंड्यावर येते. म्हणजे ती स्वतः पिल्लू म्हणून निदान नोव्हेंबर २०२४ मध्ये तरी वाढीस लागलेली असली पाहिजे. आखाडाची तयारी अशी आधीच्या दिवाळीच्या सुमारासच करावी लागते.

इतर प्रांतांचे पंचांग निराळे आहे. तमिळनाडूत पुरट्टासी महिन्यात, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, अनेक कुटुंबे मांसाहार वर्ज्य करतात. उत्तरेत नवरात्रात मागणी उतरते, तर गोव्यात नाताळाच्या दिवसांत ती वाढते. शिवाय उन्हाळ्यात उष्म्यामुळे पक्षी कमी खातात, मरतूक वाढते आणि म्हणून शेडमध्ये पिल्ले विरळ टाकावी लागतात. हे चढउतार अपेक्षित असल्याने जाणकार त्यांचा हिशेब आधीच करून ठेवतात. खरी कसोटी लागते ती अनपेक्षित आघाताच्या वेळी.

दोन आघात

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील पहिल्या बर्ड फ्लूचे निदान झाले. रोग मर्यादित क्षेत्रात होता. मागणी मात्र देशभर कोसळली. पक्षी शेडमध्ये होते, अंडी यंत्रांत होती आणि खाद्याचा खर्च चालूच होता. त्या वर्षी रिझर्व्ह बँकेने कुक्कुटपालकांची थकलेली देणी मुदत कर्जात रूपांतरित करण्याची, तसेच परतफेडीस सवलतीचा काळ देण्याची मुभा बँकांना दिली. केंद्र सरकारनेही व्याजात एकवेळची चार टक्के सवलत जाहीर केली.

दुसरा आघात २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमधला. चिकन खाल्ल्याने कोरोना होतो, या निराधार अफवेने जिवंत पक्ष्याचा भाव उत्पादनखर्चाच्या काही अंशावर आला. हॅचऱ्यांनी अंडी मांडणे कमी केले. कित्येक ठिकाणी अंडी आणि पिल्ले नष्ट करण्यात आली. त्यापाठोपाठ आलेल्या टाळेबंदीत वाहतूकही अडली. मार्च-एप्रिलमध्ये जी पिल्ले शेडमध्ये पडलीच नाहीत, त्यांची उणीव मे महिन्यात जाणवली आणि भाव वेगाने चढले. फेब्रुवारीत पिल्ले टाकणारा बुडाला. एप्रिलमध्ये ती टाकण्याचे धाडस ज्याला परवडले, तो तरला. दोघांच्या कष्टांत भेद नव्हता. अंतर होते ते काही आठवड्यांचे.

करारातील न दिसणारी जोखीम

असे धक्के सोसण्याची ताकद लहान शेतकऱ्यात नसते. याच कारणाने १९९० च्या दशकापासून करार पद्धती फैलावली. तमिळनाडूतील कोइमतूर, उदुमलपेट, पल्लडम या पट्ट्यात ती रुजली आणि पुढे महाराष्ट्रासह अनेक राज्यांत पोहोचली. कंपनी पिल्ले, खाद्य, औषधे पुरविते. शेतकरी शेड, मजुरी, पाणी आणि वीज पाहतो व वाढविलेल्या वजनावर किलोमागे मोबदला घेतो. भाव पडला तरी तोटा कंपनीचा, अशी या व्यवस्थेची ख्याती आहे.

ती बऱ्याच अंशी खरी असली, तरी पूर्ण खरी नाही. पुढील भाव पडतील असे दिसताच कंपनी पिल्ले टाकणे कमी करते आणि दोन बॅचेसमधील खंड लांबतो. पक्षी ४२ दिवसांचा आणि सफाईसाठी १५ दिवस धरले, तर वर्षात सहा बॅचेस निघतात. तोच खंड ४५ दिवसांचा झाला, तर चारच. दहा हजार पक्ष्यांच्या शेडमध्ये पक्ष्यामागे दोन किलो वजन धरल्यास, मरतूक वगळता, वर्षाला १ लाख २० हजार किलोऐवजी ८० हजार किलोवर मोबदला मिळेल. करारातील दर तोच राहतो, बँकेचा हप्ताही तोच राहतो; उत्पन्न मात्र एक-तृतीयांशाने घटते. भावाची जोखीम अशा रीतीने रिकाम्या शेडच्या रूपाने शेतकऱ्याकडे परत येते.

स्वतंत्रपणे पिल्ले विकत घेणाऱ्याची चूक वेगळी असते. भाव चढलेला पाहून तो महाग पिल्ले घेतो. त्याच आठवड्यात शेकडो जणांनी हेच केलेले असते आणि सहा आठवड्यांनी सर्वांचे पक्षी एकदम बाजारात येतात. खाद्यही निर्णायक ठरते. २०२१ मध्ये सोयापेंडीचे दर असे भडकले, की ऑगस्टमध्ये केंद्राला १२ लाख टन सोयापेंड आयात करण्यास परवानगी द्यावी लागली. खाद्य महागले की पिल्लांना गिऱ्हाईक राहत नाही आणि पुढील टंचाईचे बीज पडते.

मोजणीचे महत्त्व

अमेरिकेत कृषी खाते दर आठवड्याला यंत्रांत मांडलेली अंडी आणि शेडमध्ये टाकलेली ब्रॉयलर पिल्ले यांची संख्या प्रसिद्ध करते. त्यावरून पुढील दोन महिन्यांच्या पुरवठ्याचा अंदाज कोणालाही बांधता येतो. भारतात २०१९ च्या पशुगणनेनुसार कोंबड्या व इतर कुक्कुटवर्गीय पक्ष्यांची संख्या ८५.१८ कोटी होती. परंतु पाच वर्षांच्या अंतराने करावयाच्या गणनेतून सहा आठवड्यांच्या पक्ष्याचा बाजार कळत नाही. मोठ्या कंपन्यांना निदान स्वतःची आकडेवारी ठाऊक असते. लहान शेतकऱ्याला परिसरातील हॅचऱ्यांत आणि शेजारच्या शेडमध्ये चौकशी करूनच अंदाज घ्यावा लागतो.

२०१९ पासून किसान क्रेडिट कार्डाखाली पशुपालकांना, म्हणजेच कुक्कुटपालकांनाही, खेळते भांडवल मिळू शकते. शेडसाठी मुदत कर्ज घेणाऱ्याने मात्र करारावर सही करण्यापूर्वी काही गोष्टी लेखी मागाव्यात : वर्षाला किमान किती बॅचेस मिळतील, पिल्ले वेळेवर न आल्यास भरपाई काय, आणि पक्षी उचलल्यानंतर किती दिवसांत पैसे मिळतील. शाखेतील अधिकाऱ्यांनीही वर्षाला सहा बॅचेस गृहीत धरून हप्ता बांधण्यापेक्षा चार-पाच बॅचेसवर तो बसतो का, हे तपासणे हिताचे ठरेल. पाहणीस गेल्यावर शेडमधील नोंदवही अवश्य मागावी. पिल्ले आल्याची तारीख, पक्षी उचलल्याची तारीख आणि पुढील पिल्ले येईपर्यंत गेलेले दिवस, एवढ्या तीन नोंदींवरून त्या कर्जाची प्रकृती कळते.