आत वळलेला केस

दाढी केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हनुवटीखाली आणि गळ्यावर बारीक लालसर पुळ्या उठतात. वॅक्सिंगनंतर आठ-दहा दिवसांनी पोटऱ्यांवर, मांड्यांवर किंवा काखेत तसेच काहीसे दिसू लागते. घरातील वडीलधारी मंडळी 'केसतोड' म्हणून मोकळी होतात, पार्लरमधील ताई 'ॲलर्जी' म्हणतात आणि औषधाच्या दुकानातील माणूस 'इन्फेक्शन' असे सांगून एखादी ट्यूब पुढे सरकवतो. बहुतेक वेळा खरे कारण या तिन्हींहून वेगळे असते. कापलेला किंवा उपटलेला केस पुन्हा उगवताना बाहेर येण्याऐवजी त्वचेतच शिरलेला असतो.

हा फरक समजून घेणे आवश्यक आहे, कारण उपचार त्यावरच अवलंबून असतात. केसतोड म्हणजे केसाच्या मुळाशी जंतुसंसर्ग होऊन पू धरणे, गळू होणे. आत वळलेल्या केसाच्या बाबतीत सुरुवातीला जंतूंचा संबंध नसतो. केस आपलाच असला तरी तो जेथे असू नये अशा थरात घुसला की शरीराच्या लेखी तो बाभळीच्या काट्यासारखाच परका ठरतो. त्याला हुसकावण्यासाठी त्या जागी दाह निर्माण होतो, पुळी येते, खाज सुटते. त्वचारोगशास्त्रात या विकाराला 'स्यूडोफॉलिक्युलायटिस' असे नाव आहे. त्यातील 'स्यूडो' म्हणजे खोटा. जंतुसंसर्गासारखा दिसणारा, पण मुळात जंतुसंसर्ग नसलेला. प्रतिजैविकांची ट्यूब संपली तरी पुढच्या दाढीनंतर पुळ्या हजर होतात, त्याचे कारण हेच.

केस आत शिरण्याच्या दोन तऱ्हा आहेत. पहिलीत केस रोमकूपातून व्यवस्थित बाहेर येतो, पण कुरळा असल्याने थोडा वाढताच कमानीसारखा वाकतो आणि त्याचे टोक शेजारच्या त्वचेत घुसते. दुसरीत तो बाहेर येतच नाही. त्वचा ताणून अगदी मुळालगत कापलेला केस, त्वचा सैल सोडताच, पृष्ठभागाच्या खाली ओढला जातो आणि पुन्हा वाढताना रोमकूपाची भिंत भेदून बाजूला शिरतो. दोन्ही ठिकाणी खरा गुन्हेगार असते ते टोक. न कापलेल्या केसाचे टोक निमुळते आणि मऊ असते; पात्याने तिरपा कापलेला केस मात्र टाक केलेल्या बोरूसारखा टोकदार होतो.

तुळतुळीत दाढीची किंमत

आपल्याकडे चांगल्या दाढीची कसोटी एकच, ती म्हणजे गालावरून हात फिरवला तर तो कोठेही अडता कामा नये. सलूनमध्ये एकदा सुलट हात फिरवून झाला की पुन्हा फेस लावून उलटा हात मारला जातो, तोही गाल बोटांनी ताणून. गिऱ्हाईक खूश होते. आणि नेमके हेच दोन प्रकार, म्हणजे उलट दिशेने कापणे आणि त्वचा ताणणे, केसाला त्वचेखाली ढकलतात. गळ्यावरचे केस तर अनेकांच्या बाबतीत खालून वर किंवा आडवे वाढतात. तेव्हा ज्याला आपण 'सुलट' समजतो तो हात तेथे उलटाच पडतो. दोन दिवसांची दाढी वाढू देऊन आरशासमोर बोट फिरवून पाहिले तर आपल्या केसांची दिशा सहज कळते. इतकी साधी गोष्ट, पण वर्षानुवर्षे दाढी करणाऱ्यांपैकी किती जणांनी ती पाहिलेली असते?

जिलेट कंपनीने १९७१ मध्ये दोन पात्यांचे रेझर बाजारात आणले आणि १९९८ मध्ये तीन पात्यांचे. त्यामागील युक्ती अशी की पहिले पाते केसाला किंचित वर ओढते आणि तो मागे सरकण्याआधीच पुढचे पाते त्याला आणखी खाली कापते. जाहिरातीत जो गुण म्हणून सांगितला जातो तोच कुरळे केस असलेल्यांना भोवू शकतो. अनेक डॉक्टर अशा व्यक्तींना एका पात्याचा साधा रेझर सुचवतात. मात्र याबाबत पूर्ण एकमत नाही. काही चाचण्यांमध्ये, पूर्वतयारी नीट केल्यास, अनेक पात्यांच्या रेझरनेही त्रास वाढलेला दिसला नाही. पाती किती यापेक्षा आपण किती दाबून, किती वेळा आणि कोणत्या दिशेने ती फिरवतो हे अधिक महत्त्वाचे, असे म्हणणे त्यातल्या त्यात सुरक्षित.

या विकाराचा सविस्तर वैद्यकीय अभ्यास प्रथम अमेरिकेत झाला. जॉन स्ट्रॉस आणि अल्बर्ट क्लिगमन या त्वचारोगतज्ज्ञांचा त्यावरील गाजलेला लेख १९५६ चा. तेथील कृष्णवर्णीयांच्या घट्ट कुरळ्या केसांमुळे त्यांच्यात हा विकार फार मोठ्या प्रमाणावर आढळतो. सैन्यात रोज गुळगुळीत दाढी सक्तीची असल्याने अशा सैनिकांना डॉक्टरांकडून सवलतीचा कागद मिळवावा लागे. पिझ्झा पोहोचवणाऱ्या एका कर्मचाऱ्याचे दाढीबंदीविरुद्धचे प्रकरण तर १९९३ मध्ये तेथील अपील न्यायालयापर्यंत पोहोचले होते. आपल्याकडे बहुतेकांचे केस सरळ किंवा किंचित नागमोडी, म्हणून त्रास तुलनेने कमी. तरीही डोक्याचे केस सरळ असलेल्या माणसाचे दाढीचे केस जाड आणि वळणदार असू शकतात, आणि काखेतले व जांघेतले केस तर जवळजवळ सर्वांचेच तसे असतात.

जाता जाता, केश कर्तनकारांच्या व्यवसायातच या विकाराचा एक भाऊबंद आहे. गिऱ्हाइकांच्या केसांचे बारीक तुकडे त्यांच्या बोटांच्या बेचक्यांतील त्वचेत रुततात आणि तेथे वाहणारे नाडीव्रण होतात. दुसऱ्याचा केस कातडीत घेऊन वावरावे लागणारा असा हा धंदा.

वॅक्सिंगचे वेगळे दुखणे

वॅक्सिंगमध्ये केस मुळासकट निघतो, म्हणून हा त्रास होणार नाही अशी समजूत आहे. प्रत्यक्षात नवा केस खोलवरून निघतो आणि त्याला रोमकूपाची अख्खी वाट पार करावी लागते. तोवर वरच्या तोंडाशी मृत पेशींचे बूच बसले असेल तर तो आतल्या आत वेटोळे घालतो. शिवाय सगळे केस मुळासकट निघतातच असे नाही. घाईत, चुकीच्या कोनात पट्टी ओढली तर बरेचसे मध्येच तुटतात, आणि असा तुटका केस दाढीच्या केसासारखाच वागतो. केस साधारण पाच-सहा मिलिमीटर वाढलेले नसतील तर मेण त्यांना नीट पकडत नाही. 'परवा लग्नाला जायचे आहे' म्हणून खुरटलेल्या केसांवरच वॅक्स करून घेणाऱ्यांची पुढच्या पंधरवड्यातील तक्रार ठरलेली. त्यावर घट्ट जीन्स, लेगिंग्ज, पावसाळ्यातील दमट कपडे यांचे घर्षण झाले की मांड्यांवरील पुळ्यांना आयतेच निमित्त मिळते.

दंडाच्या मागच्या बाजूला कायमच जाणवणारा, किसणीसारखा खडबडीतपणा हा मात्र निराळा प्रकार. तो बऱ्याचदा आनुवंशिक असतो आणि वॅक्सिंग बंद केल्याने जात नाही.

हाताळू नका, वाढू द्या

पुळीत काळा ठिपका किंवा केसाचे वेटोळे दिसले की चिमटा, सेफ्टी पिन, नखे अशी सारी आयुधे बाहेर निघतात. केस ओढून काढल्यावर मिळणारे समाधान क्षणिक असते. उपटलेल्या केसाच्या जागी पुन्हा केस येतो आणि तो पुन्हा भिंत भेदू शकतो. कोरलेल्या जागी मात्र जखम राहते, जंतूंना वाट मिळते, आणि तेव्हा खरोखरच केसतोड होते.

सर्वांत परिणामकारक उपाय सर्वांत कंटाळवाणा आहे. तीन-चार आठवडे त्या जागी पाते, मेण, चिमटा काहीही लावू नये. पहिला आठवडाभर त्रास वाढल्यासारखा वाटतो, आणि नेमके तेव्हाच अनेक जण धीर सोडून रेझर हाती घेतात. पुढे केस सेंटिमीटरभर वाढला की त्याच्या स्वतःच्या ताणाने रुतलेले टोक स्प्रिंगसारखे बाहेर सुटते. कोणतेही मलम जे करू शकत नाही ते केसाची वाढच करते. कार्यालयात वाढलेली दाढी चालत नसेल तर ट्रिमरने मिलिमीटरभर खुंट ठेवून कापणे ही तडजोड पुरुषांना जमण्यासारखी आहे.

दरम्यान कोमट पाण्यात भिजवून पिळलेला मऊ रुमाल दहा-पंधरा मिनिटे ठेवल्यास त्वचा मऊ होते. वेटोळे अगदी वर दिसत असेल तर निर्जंतुक सुईच्या टोकाने ते फक्त उचलून मोकळे करावे, उपटू नये. मृत पेशी साचू नयेत म्हणून सॅलिसिलिक किंवा ग्लायकोलिक आम्ल असलेली सौम्य प्रसाधने उपयोगी पडतात. बेन्झॉइल पेरॉक्साइडही वापरतात, पण त्याने टॉवेल आणि उशीच्या अभ्र्यांचा रंग उडतो हे आधीच माहीत असलेले बरे. घासणीने किंवा खरखरीत स्क्रबने खसखसून घासणे, लिंबू चोळणे, टूथपेस्ट लावणे हे प्रकार टाळावेत. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजते आणि डाग वाढतो. सलूनमधील तुरटीने बारीक कापलेले रक्त थांबते इतकेच; मात्र तोच खडा दिवसभर सर्वांच्या गालांवरून फिरत असेल तर तो न लावलेलाच बरा.

पुन्हा दाढी सुरू करताना आंघोळीनंतर, केस भिजून मऊ झाल्यावर, भरपूर फेस लावून, त्वचा न ताणता, केसांच्या दिशेने एकदाच हात फिरवावा आणि पाते वेळेवर बदलावे. सलूनमध्ये तर नवे पाते डोळ्यांसमोर लावले जाते की नाही हे पाहणे, रक्तातून पसरणाऱ्या रोगांच्या दृष्टीनेही, आपला हक्क आहे. 'उलटा हात नको' एवढे सांगायला संकोचू नये.

स्वस्त ट्यूबचा सापळा

आता औषधाच्या दुकानातील त्या ट्यूबविषयी. स्टेरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक यांचे मिश्रण असलेली मलमे आपल्याकडे वर्षानुवर्षे चिठ्ठीविना विकली गेली. बेटामेथासोन किंवा क्लोबेटासोल असलेल्या अशा मलमाने पुळीचा लालपणा दोन दिवसांत उतरतो. गुण येतो म्हणून ते मलम घरात मुक्कामाला राहते. पण चेहऱ्यावर आठवडेच्या आठवडे लावल्यास त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरमे येतात, बंद करताच चेहरा भाजल्यासारखा लाल होतो. आणि विनोद असा की त्या जागी केसांची वाढही वाढू शकते! केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशा १४ स्टेरॉइड मलमांचा समावेश डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न विकता येणाऱ्या औषधांच्या 'शेड्यूल एच' या यादीत केला. डॉक्टर कधीकधी सौम्य स्टेरॉइड थोडे दिवस देतात, ती गोष्ट वेगळी.

आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेसाठी खरा प्रश्न पुळीचा नसून तिच्यामागे राहणाऱ्या डागाचा आहे. दाह झाला की त्वचेतील रंगपेशी अधिक रंगद्रव्य तयार करतात. पुळी आठवड्यात जाते, डाग अनेक महिने राहतो. तो झाकावा म्हणून पुन्हा वॅक्सिंग, त्यातून नव्या पुळ्या, नवे डाग, असे हे चक्र चालते. ऊन लागणाऱ्या भागावर रोज सनस्क्रीन लावल्याखेरीज डागावरील कोणताही उपचार टिकत नाही.

पुळी फार दुखत असेल, लाली पसरत असेल, ताप असेल तर घरगुती उपचारांत वेळ घालवू नये. वरच्या ओठावरील किंवा नाकाजवळील गळू तर कधीच पिळू नये. गळवे वारंवार होत असल्यास रक्तातील साखर तपासून घ्यावी. मानेमागे मशीन लावून अगदी बारीक कापणाऱ्या तरुणांमध्ये कधीकधी तेथे टणक गाठी येतात. त्या जुन्या झाल्या की कायमचे व्रण राहतात.

हनुवटीवरील राठ केस चिमट्याने उपटत राहणाऱ्या मुली आणि स्त्रिया पुष्कळ आहेत, आणि त्याबद्दल त्या घरातही बोलत नाहीत. हनुवटी काळवंडल्यावरच प्रकार उघडकीस येतो. पाळी अनियमित असेल, वजन वाढत असेल आणि केस अचानक वाढले असतील तर पीसीओएससारख्या संप्रेरकांच्या बिघाडाची तपासणी करायला हवी. मुळातील दोष तसाच ठेवून चिमटा किंवा महागडे लेसर, दोन्ही अपुरेच.

लेसरने केसच कायमचे विरळ झाले तर आत वळणार काय, हे गणित बरोबर आहे. मात्र लेसर केसातील रंगद्रव्याला लक्ष्य करते आणि सावळ्या त्वचेतही तेच रंगद्रव्य असते. म्हणून आपल्या त्वचेसाठी १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचे एनडी-यॅग लेसर अधिक सुरक्षित मानले जाते. चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठका लागतात. स्वस्त 'पॅकेज'च्या मोहाने अप्रशिक्षित हातात चेहरा दिल्यास भाजण्याचा, डाग पडण्याचा धोका असतो. भारतीय वंशाच्या काही स्त्रियांमध्ये चेहऱ्यावरील लेसरनंतर आजूबाजूचे कोवळे केस उलट जाड झाल्याचेही आढळते, याची कल्पना डॉक्टरांनी आधी द्यायला हवी. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर त्या काळात आणि नंतर सहा महिने वॅक्सिंग करू नये, कारण पट्टीबरोबर त्वचेचा पापुद्राही निघू शकतो. आणि केस पांढरे झालेले असतील तर लेसरचा खर्च करूच नये. त्यांत रंगद्रव्य नसल्याने त्यांच्यावर या किरणांचा परिणाम होत नाही.