आधी विद्यार्थ्याचे बोट, मग सरांचे पोट

एमआरआयच्या नळीत शिरताना भले भले घाबरतात. आतली खटखट ऐकून नातेवाईकही विचारतात, 'डॉक्टर, याचा काही धोका तर नाही ना?' १९७८ साली इंग्लंडमधील नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागापुढे हाच प्रश्न होता, आणि अनुभवाने उत्तर देणारा कुणीच नव्हता.

तेथील प्राध्यापक पीटर मॅन्सफिल्ड पंधराव्या वर्षी शाळा सोडून छपाईच्या कामाला लागलेले. पुढे नोकरी करता करता पुन्हा अभ्यासाकडे वळले. शरीरातल्या पाण्यात हायड्रोजन असतो. चुंबकीय क्षेत्रात त्याच्याकडून मिळणाऱ्या संकेतांवरून चित्र बनवण्याचे त्यांचे प्रयोग चालले होते. सुरुवातीच्या यंत्रात जागा जेमतेम बोटापुरती! म्हणून संशोधक विद्यार्थी अँड्र्यू मॉड्सली यांचे बोटच आत गेले. त्याचे चित्र १९७७ मध्ये प्रसिद्ध झाले.

माणूस मावेल असे यंत्र तयार झाले, तेव्हा झपाट्याने बदलणाऱ्या चुंबकीय क्षेत्रामुळे हृदयाची लय बिघडेल, असा इशारा मिळाला. मॅन्सफिल्ड यांनी हिशेब तपासला आणि दुसऱ्या कुणाला न पाठवता स्वतःच आत उभे राहिले. सुमारे ५० मिनिटांनी पोटाचा छेद दिसला; हृदय ठणठणीत. २००३ मध्ये त्यांना पॉल लॉटरबर यांच्यासह नोबेल मिळाले, तेही वैद्यकशास्त्राचे!

आजची खटखट त्याच बदलत्या क्षेत्रामुळे हादरणाऱ्या तारांच्या वेटोळ्यांची. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. पेसमेकर किंवा शरीरात धातूची वस्तू असेल तर मात्र आधी सांगायलाच हवे.