रेसिड्यूने बदललेली द्राक्षबाग

1991 मध्ये महाराष्ट्रातल्या द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्था ‘महाग्रेप्स’च्या छत्राखाली एकत्र आल्या, तेव्हा निर्यातीची चिंता वेगळी होती. मणी पुरेसा फुगेल का, प्रीकूलिंग जमेल का, बोटीच्या प्रवासात घड टिकेल का? फवारण्या किती झाल्या, हे फारसं कोणी विचारत नव्हतं. भुरी आणि डाऊनी या बुरशीजन्य रोगांच्या धास्तीने पंप चालूच असायचा.

विचारणा झाली ती युरोपातून, आणि त्यात पुढाकार सुपरमार्केटवाल्यांचा होता. 1997 मध्ये तिथल्या किरकोळ विक्रेत्यांनी ‘युरेपगॅप’चे निकष आणले; 2007 मध्ये त्याचंच ‘ग्लोबलगॅप’ झालं. मधल्या काळात, 2003 मध्ये, आपल्या द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश, म्हणजे रेसिड्यू, सापडले आणि पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडे रेसिड्यू तपासणीची मुख्य जबाबदारी आली. 2006 पासून कृषी निर्यातीचं काम पाहणाऱ्या अपेडाच्या ‘ग्रेपनेट’ प्रणालीमुळे युरोपात पोचलेल्या पेटीचा माग थेट प्लॉटपर्यंत काढता येऊ लागला.

एवढं करूनही 2010 चा हंगाम बुडाला. वेलीची वाढ रोखायला बागायतदार क्लोरमेक्वाट वापरत. बागेत त्याला सगळे ‘लिहोसीन’च म्हणतात. आपल्या तपासणीच्या यादीत हे रसायन नव्हतंच. त्यामुळे इथे सॅम्पल पास झालेला माल युरोपात पोचल्यावर नापास ठरला. कंटेनर अडकले, भाव कोसळले, अनेकांचे पैसे अडकले. शेतकऱ्याने काही लपवलं नव्हतं. चूक यादी करणाऱ्यांची होती आणि भुर्दंड बागेने भरला, हा अन्याय मला आजही सलतो.

त्यानंतर स्पर्धेचं रूपच पालटलं. युरोपच्या फळीवर एका बाजूला दक्षिण आफ्रिका आणि चिलीचा माल, दुसऱ्या बाजूला आपलेच निर्यातदार एकमेकांसमोर. काही खरेदीदार तर कायद्याने चालणाऱ्या रेसिड्यूच्या एक तृतीयांशच मान्य करू लागले, शिवाय मालात किती वेगवेगळ्या औषधांचे अंश चालतील, यालाही मर्यादा घातली. अशा वेळी नुसता माल गोळा करून पाठवणारा व्यापारी मागे पडला. छाटणीपासूनचं फवारणीचं वेळापत्रक, नोंदवही, प्रयोगशाळा आणि पॅकहाऊस ज्यांनी एका शिस्तीत बांधलं, ते टिकले. नाशिक जिल्ह्यातल्या मोहाडीची ‘सह्याद्री फार्म्स’ हे त्यातलं ठळक नाव. बागेत ट्रायकोडर्मा आणि बॅसिलससारखी जैविक औषधं आली. शेवटची फवारणी आणि काढणी यांच्यातले दिवस, म्हणजे पीएचआय, लोक काटेकोर मोजू लागले.

विषमुक्तीच्या भाषणांनी जे साधलं नाही, ते निर्यातीच्या चढाओढीने साधलं. पण निर्यात होतो तो उत्पादनाचा लहान हिस्सा. बहुतेक द्राक्षं देशातच खपतात आणि त्या प्लॉटना काढणीआधी रेसिड्यू तपासणीची सक्ती नाही. तज्ज्ञ, प्रयोगशाळा आणि शिकलेला शेतकरी हे सगळं आता आपल्याकडे आहे. बाजार समित्यांनी आणि मोठ्या दुकानदारांनी देशी ग्राहकासाठीही तोच रिपोर्ट मागावा, आणि त्याचा खर्च एकट्या बागायतदाराच्या माथी मारू नये.