कचरागाडी दारात येते तेव्हा



ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून शेतावर जाण्याची आपल्याला इतकी सवय झाली आहे की त्यातली भीतीच मेली आहे. गावच्या कचरागाडीवरही आता तेच दिसते. कर्नाटकात पुष्कळ ग्रामपंचायतींनी हे काम महिला बचत गटांकडे सोपविले असून ‘स्वच्छ वाहिनी’ गाडी अनेक ठिकाणी बायकाच चालवितात. मंठाळ असो वा शेजारचे खेडे, त्या आपल्याच लेकीसुना आहेत.

धोका कोठे असतो?

गाडी मागे घेताना अगदी लगतचे मूल चालकाला आरशातही दिसत नाही. म्हणून सोबतच्या व्यक्तीने उतरून, बाजूला आरशात दिसेल असे उभे राहून खूण करावी. ती दिसेनाशी झाली की गाडी तेथेच थांबवावी.

मागच्या फळीवर उभे राहून जाऊ नये. एका खड्ड्याने हात सुटतो. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 123 प्रमाणे पायफळीवरून किंवा टपावरून प्रवास करण्यास मनाई आहे.

हौदा उचलण्यापूर्वी वर विजेची तार नाही ना, हे पाहावे. उचललेल्या हौद्याखाली भक्कम टेकू दिल्याशिवाय वाकू नये. तेलाचा पाइप फुटला तर हौदा क्षणात खाली येतो. उतारावर इंजिन बंद करून हँडब्रेक ओढावा व चाकाला दगड लावावा.

आपण काय करावे?

1. काच, ब्लेड व सुया जाड कागदात गुंडाळून वेगळ्या द्याव्यात. कोणास जखम झाल्यास ती साबणाने, वाहत्या पाण्यात धुवावी व दवाखान्यात जाऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनविषयी विचारावे.

2. भाजीपाल्याचा कचरा आपल्या उकिरड्यात टाकावा. खत होते, गाडीचे ओझेही घटते.

3. गाडी येताच लहान मुलांना हाताशी धरावे.

4. गल्लीत बैलगाडी वा मोटारसायकल आडवी लावू नये. वाट मोकळी असली की गाडीला उलटे यावे लागत नाही.

2016 च्या घनकचरा नियमांनी कामगारांसाठी हातमोजे, योग्य पादत्राणे, मास्क, रेनकोट व चमकणारे जाकीट सांगितले होते. आपल्या गावी हे सर्व मिळते काय, हे आपण ग्रामसभेत विचारू या. आणि उद्या शेणखताची ट्रॉली रिकामी करताना हेच नियम आपणही पाळू या.