अमृतराव पेशवे : सुरतेच्या तहापासून काशीपर्यंत

अमृतराव हे रघुनाथराव पेशव्यांचे दत्तक पुत्र. मूळ घराणे भुस्कुट्यांचे. पुत्र नसलेल्या रघुनाथरावांनी 1768 मध्ये त्यांना दत्तक घेतले. पुतण्या पेशवे माधवराव यांच्याशी राज्याच्या वाटणीवरून चाललेल्या वादात आपल्या शाखेला वारस असावा, हा त्यामागचा हेतू होता. त्याच वर्षी धोडपच्या लढाईत रघुनाथरावांचा पराभव झाला.

अमृतरावांच्या आयुष्याला वळण देणाऱ्या दोन घटना 1775 मधल्या. जानेवारीत धार येथे आनंदीबाईंच्या पोटी बाजीराव जन्मला आणि औरस पुत्रापुढे दत्तकाचा हक्क मागे पडला. मार्चमध्ये, पेशवे नारायणराव यांच्या खुनानंतर पुण्यातून परागंदा झालेल्या रघुनाथरावांनी सुरतेस इंग्रजांशी तह केला. सुमारे 2,500 फौजेच्या मदतीसाठी साष्टी आणि वसई देऊ करण्यात आली, सहा लाखांचे जवाहीर तारण पडले. पेशव्यांच्या घरातील भांडणात इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीचा शिरकाव झाला तो येथून.

1783 मध्ये रघुनाथराव कोपरगावी वारले. पुढे अमृतराव, बाजीराव आणि चिमाजी आप्पा हे तिघे बंधू शिवनेरीवर नजरकैदेत होते. पेशवे सवाई माधवराव यांच्या मृत्यूनंतर 1796 मध्ये बाजीराव पेशवा झाला. अमृतरावांनी काही काळ कारभार पाहिला, पण दोघा भावांचे जमले नाही.

25 ऑक्टोबर 1802 रोजी यशवंतराव होळकरांनी हडपसरच्या लढाईत पेशवे व शिंदे यांच्या फौजा मोडल्या. बाजीराव वसईस पळाला. होळकरांनी अमृतरावांना पुण्यास आणून त्यांचे पुत्र विनायकराव यांना गादीवर बसवण्याचा घाट घातला, कारभार अमृतरावांकडे आला. मात्र बाजीरावाने डिसेंबरअखेर वसईचा तह करून इंग्रजांची तैनाती फौज पत्करली. एप्रिल 1803 मध्ये अमृतराव पुणे जाळणार असल्याच्या वार्तेवरून इंग्रज सेनानी आर्थर वेलस्ली घाईने शहरात दाखल झाला, तेव्हा अमृतराव निघून गेले होते आणि शहर शाबूत होते. मे महिन्यात बाजीराव परतला.

ऑगस्ट 1803 मध्ये अमृतरावांनी इंग्रजांशी समेट केला. सालिना सात लाख रुपयांची नेमणूक ठरली. पुढे ते उत्तरेत गेले आणि 1824 मध्ये काशीस वारले. त्यांचे वंशज चित्रकूटजवळच्या कर्वी येथे राहिले. 1818 मध्ये राज्य गमावून ब्रह्मावर्तास गेलेल्या बाजीरावाला कंपनीने आठ लाखांची नेमणूक दिली. पेशवेपद भोगलेला भाऊ आणि त्याला मुकलेला भाऊ यांच्या पदरात अखेर एक लाखाचाच फरक उरला.