रात्री दोन वाजता भाव कोण विचारणार?

मैत्रिणींनो, भाजी घेताना आपण चार गाड्यांवर भाव विचारतो. साडी तर दहा दुकानं पालथी घातल्याशिवाय घेत नाही. पण घरातला माणूस छाती धरून खाली बसला, तर कुठे भाव विचारत फिरणार?

मागच्या वर्षी आमच्या शेजारच्या वहिनींवर ही वेळ आली. भाऊजी चाकणला कंपनीत. रात्री दोनला छातीत कळा सुरू झाल्या. रिक्षाने जवळच्या खासगी दवाखान्यात नेलं, तर "आधी पन्नास हजार भरा!" माझ्या कपाटात भिशीचे वीस हजार होते, ते धावत जाऊन आणले, बाकीचे दिरांनी जमवले. भाऊजी वाचले, देवाची कृपा. सकाळी पाहते तर दरफलक होता, पण दाराआड! त्यावर खाटेचा दर, डॉक्टरांची फी होती. औषधं, तपासण्या धरून एकूण किती होणार, हे त्यावरून कुणाला कळणार?

कायदा आपल्या बाजूने आहे. तातडीच्या रुग्णाला आधी उपचार द्यायचे, हे सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्येच सांगितलं. राज्याच्या २०२१ च्या नियमांनुसार खासगी रुग्णालयाने १५ सेवांचे दर आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची असते. धर्मादाय रुग्णालयाला तर तातडीच्या रुग्णाकडून अनामत मागताच येत नाही. तरी एप्रिल २०२५ मध्ये पुण्यात एका गर्भवतीच्या मृत्यूनंतर १० लाखांच्या अनामत रकमेवरून केवढा गदारोळ झाला!

म्हणून चौकशी करायची ती घरात सगळं ठीक असताना. जवळचं धर्मादाय रुग्णालय कोणतं? महात्मा फुले योजना कुठे चालते? मिस्टरांचा ईएसआयसी कापला जातो का? असेल तर चिंचवडच्या मोहननगरला रुग्णालय आहे. पिंपरीत महापालिकेचं वायसीएम आहे, चाकणला ग्रामीण रुग्णालय. १०८ ची रुग्णवाहिका मोफत येते. रस्त्यावर अपघात झाला तर मे २०२५ पासून केंद्राच्या योजनेत सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार रोख न भरता मिळू शकतात.

वहिनींच्या फ्रीजवर आता हे सगळं लिहिलेला कागद आहे. सोबत रेशनकार्ड आणि आधारच्या झेरॉक्सची पिशवी. परवा हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येकीने तो कागद उतरवून घेतला. वाणापेक्षा तोच जास्त कामाचा, नाही का?